दोन किलो बटाटे

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर आणि लग्नपत्रिकेवर तेवढं उरलं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला जे नाव पडायचं ते पडलं आणि पुढे तेच चिकटलं. पोस्टमनसुद्धा गल्लीत येऊन काटेसाहेबांचं घर विचारायचा.

माणूस हाताचा स्वच्छ. दुकानदाराकडचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. तहान लागली तर पिशवीतली बाटली काढायचे. आठवडी बाजाराच्या तोंडाशी ते बसमधून उतरले की बातमी त्यांच्या आधी आत पोचायची. दगडाची वजनं पोत्याखाली जायची, पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा पटकन निघायचा, मोठमोठे बोलभांड अडते मुके व्हायचे. आपण चालू लागलो की बाजार असा गप्प होतो, हे काटेसाहेबांना आवडायचं. ते आवडतं असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं मात्र नाही.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी त्यांना एक पितळी स्प्रिंगचा काटा भेट दिला होता. वीतभर लांबीचा, खाली आकडा, वर कडी, पाच किलोपर्यंतचं वजन दाखवणारा. तेव्हापासून तो काटा त्यांच्या खिशात असायचा. भाजी घरी आली की आधी काट्याला लागायची, मग चुलीवर जायची. मागच्या वर्षी कपाट आवरताना तो फरशीवर पडला आणि त्याच्या कुशीला पोचा आला. तपासून घ्यायला हवा होता. पण त्यासाठी खात्यात जायचं, अर्ज भरायचा आणि वाण्या-भुसाऱ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं. ज्या रांगेसमोरून आपण साहेब म्हणून गेलो त्या रांगेत शेवटी उभं राहायला त्यांचे पाय उचलेनात. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेलं. त्या वर्षात त्यांनी तीन वाणी बदलले. तिघेही मापात पाप करतात अशी त्यांची खात्री झाली होती.

त्यांचा एक शाळेपासूनचा मित्र परदेशात होता. त्याला सगळे फिटर म्हणत, कारण तो फिटर होता. तिशीच्या आत तिकडे गेला आणि एका पावाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करता करता तिथलाच झाला. दर वर्षी फोनवर तो एकच वाक्य म्हणायचा, "अरे, एकदा तरी ये. दोघंही या. मरायच्या आत ये." शेवटी काटेसाहेब बायकोला घेऊन गेले. पंधरा दिवसांसाठी.

फिटरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधल्या बोळात शिलाईचं मशीन, त्याच्या बाजूला खुंटीवर लोकांचे दुरुस्तीला आलेले कोट आणि विजारी. वहिनी, म्हणजे फिटरची बायको, कपडे उसवून-शिवून देण्याचं काम करायच्या. पाहुण्यांना त्यांनी आपली झोपायची खोली दिली होती आणि नवरा-बायको बाहेर घडीच्या पलंगावर झोपत होते. काटेसाहेबांनी नको म्हणून पाहिलं, पण वहिनींनी "भावोजी, हे घर माझं आहे" एवढंच म्हटलं आणि विषय संपला.

जायला पाच दिवस उरले होते, तेव्हाचा शनिवार. सकाळी चहा ओतताना वहिनी म्हणाल्या, "आज सगळे बाजारात जाऊ. संध्याकाळी चार-पाच जणांना जेवायला बोलावलंय. तुम्हा दोघांच्या निमित्तानं."

"कोण कोण?" काटेसाहेबांच्या बायकोनं विचारलं.

"आमची बाजारातलीच माणसं, ताई. इथे नातेवाईक कुठून आणायचे? हेच आमचे चुलत-मावस."

बाजार बसथांब्यामागच्या चौकात भरायचा. शनिवारी तिथे गाड्यांना बंदी. दगडी फरशी पहाटेच धुतलेली, वर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी छपरांच्या रांगा, एका बाजूला बर्फावर मांडलेले मासे, त्याला लागून भाज्या आणि कोपऱ्यात पाव. फिटर चौकात शिरला तो लग्नघरात शिरल्यासारखा. इकडे हात मिळव, तिकडे पाठीवर थाप मार. प्रत्येकापाशी थांबून तो तिथल्या भाषेत काटेसाहेबांची ओळख करून देत होता. "हा माझ्या बाकावरचा मित्र. सरकारी अधिकारी होता. आमच्याकडचे सगळे तराजू याला घाबरायचे."

पाववाला लांबुडक्या चेहऱ्याचा, मिश्कील. ते ऐकून त्यानं घाईघाईनं आपल्या काट्यावर फडकं टाकलं आणि कडक सलाम ठोकला. मासेवाल्यानं दोन्ही हात वर केले. सगळे हसले. काटेसाहेबही हसले, पण त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत कुणी त्यांना असा सलाम केला नव्हता. थट्टेतला का होईना, सलाम तो सलाम. हात मागे बांधून ते दुकानांच्या मधून पूर्वीसारखे सावकाश चालू लागले, आणि प्रत्येक काट्यापाशी त्यांची नजर अर्धा क्षण जास्त रेंगाळू लागली.

बटाटे घ्यायला वहिनी ज्या बाईकडे थांबल्या तिला घरात मळेवाली म्हणत. शहराबाहेर तिचा स्वतःचा मळा होता. पन्नाशी ओलांडलेली, रुंद हाडाची बाई. डोक्याला लोकरी टोपी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, नखांत माती. वहिनींना बघताच तिचा चेहरा फुलला. दोघी भराभर काहीतरी बोलत होत्या. बोलता बोलताच तिनं बटाटे पिशवीत भरले, पिशवी काट्यावर ठेवली, उचलली आणि वहिनींच्या हातात दिली.

काटेसाहेबांनी ते पाहिलं. काट्यावरचा आकडा अजून हलत होता. तो थांबायच्या आत बाईनं पिशवी उचलली होती. एकतीस वर्षांत ही चलाखी त्यांनी शेकडो वेळा पकडली होती. त्यांनी वहिनींच्या हातातून पिशवी घेतली, खिशातला काटा काढला आणि पिशवी आकड्याला लावली.

एक किलो सातशे.

"किती मागितले होते?" त्यांनी विचारलं.

"दोन किलो," वहिनी म्हणाल्या. "का हो भावोजी?"

"तीनशे ग्रॅम खाल्ले तिनं."

फिटर खालच्या आवाजात म्हणाला, "राहू दे रे. ती तसली नाही."

"सगळे असंच म्हणतात. आणि त्यावरच यांचं फावतं."

"अहो, सोडा ना," त्यांची बायको मागून म्हणाली.

पण काटेसाहेब आता त्या चौकात नव्हतेच. ते आपल्या जुन्या आठवडी बाजारात उभे होते. त्यांनी पिशवीसकट काटा मळेवालीच्या तोंडासमोर धरला आणि बोटानं आकडा दाखवला. मग तेच बोट तिच्या काट्याकडे नेलं आणि नकारार्थी हलवलं. त्यांना तिथली भाषा येत नव्हती, पण असल्या गोष्टीला भाषा लागत नाही. शिवाय आवाज चढलेला होता. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबली. टोमॅटो निवडणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हातातला टोमॅटो परत ठेवला. मागच्या बाईनं आपल्या पिशवीत वाकून पाहिलं.

मळेवालीला आधी काही कळेना. तिनं वहिनींकडे पाहिलं. मग कळलं, आणि गळ्यापासून वर तिचा चेहरा लाल होत गेला. हातमोजे काढून तिनं काट्याशेजारी ठेवले, काटेसाहेबांच्या हातातून पिशवी घेतली आणि चौकाच्या टोकाला चालू लागली. तिकडे बाजाराच्या कचेरीबाहेर एक काटा ठेवलेला होता. घेतलेला माल कुणीही तिथे जोखून बघावा, अशी सोय होती. तिच्यामागून काटेसाहेब, त्यांच्यामागून फिटर आणि वहिनी, आणि त्यांच्यामागून सात-आठ बघे अशी ती वरात निघाली.

तिथे पिवळ्या जाकिटातला एक तरुण अधिकारी बसला होता. त्यानं पिशवी आपल्या काट्यावर ठेवली, आकडा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि काटा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

दोन किलो दोनशे दहा.

बघ्यांपैकी कुणीतरी हसलं. काटेसाहेब म्हणाले, "असं कसं होईल?" आणि त्यांनी आपला काटा पुढे केला.

फिटरनं त्या तरुणाला काहीतरी सांगितलं. हा तुझ्याच पेशातला माणूस आहे, असंच सांगितलं असावं, कारण तो पोरगेला अधिकारी चटकन उठून उभा राहिला, काटेसाहेबांना बसायला खुर्ची दिली आणि काटा दोन्ही हातांनी घेतला. मग त्यानं पेटीतून एक किलोचं तपासणीचं वजन काढलं आणि आकड्याला लावलं. काटा साडेसातशेवर जाऊन थांबला. त्यानं हलकेच टिचकी मारली. काटा तिथेच. पितळेच्या कुशीतल्या पोच्यावरून त्यानं अंगठा फिरवला, काटा कानाशी नेला, पुन्हा वजन लावलं. आत काहीतरी घासत होतं.

त्यानं अगदी अदबीनं एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतोय?" काटेसाहेबांनी विचारलं.

"विचारतोय, याची शेवटची पडताळणी कधी केली होती."

हा प्रश्न काटेसाहेबांनी जन्मभर विचारला होता. कितीदा, याची गणती नाही. समोरचा वाणी मान खाली घालून पुटपुटायचा आणि ते मुद्दाम म्हणायचे, "मोठ्यानं सांगा." आता खुर्चीत बसून, मांडीवर हात ठेवून, ते पुटपुटले, "चार वर्षं झाली."

मळेवालीनं पिशवी उचलून वहिनींच्या हातात दिली. काटेसाहेबांकडे तिनं पाहिलंही नाही. दुकान उघडं टाकून आली होती, म्हणून ती झपाझप परत गेली.

सगळे घरी निघाले. तीन जिने चढताना काटेसाहेबांना पहिल्यांदाच धाप लागली. स्वयंपाकघरात वहिनींनी बटाटे टोपलीत ओतले आणि पाटावर बसून सोलायला घेतले. त्या रडत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. फक्त सालं नेहमीपेक्षा जाड निघत होती.

"वहिनी, मला वाटलं तिनं आकडा थांबायच्या आत..." काटेसाहेब दारातून म्हणाले.

"ती तसंच करते, भावोजी. आधी दोन किलो भरते, मग वर मूठभर टाकते. आकडा बघायचा कशाला?" वहिनींनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "संध्याकाळी तीही जेवायला येणार होती. आता यायची नाही."

बाजारातली चार-पाच जणं येणार एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यातलं कोण कोण, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फिटर त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. त्यानं दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "पंचवीस वर्षांपूर्वी हिचं ऑपरेशन झालं. दोन महिने ही अंथरुणावर. माझी कारखान्यात रात्रपाळी. ती बाई दर शनिवारी बाजार आटोपून आणि बुधवारी मुद्दाम मळ्यातून तीन जिने चढून यायची. भाजी आणायची, चिरून, शिजवून ठेवायची, हिचे केस विंचरायची. भाषा तेव्हा हिला धड येत नव्हती. दोघी खुणांनी बोलायच्या. तुला मी आधीच सांगायला हवं होतं. पण बटाटे घेण्यापूर्वी हे सांगायचं असतं, हे मला कुठे माहीत."

काटेसाहेब आतल्या खोलीत गेले. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या करत बसली होती.

"तीन वाणी बदललेत तुम्ही वर्षात," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "तिसऱ्याच्या तर बायकोसमोर त्याला चोर म्हणालात."

"हो."

"मी बाजारात तुमच्या मागे चार पावलं का चालते, हे कधी विचारलं नाहीत."

"गुडघे दुखतात म्हणून."

"गुडघे आत्ता दुखायला लागले. मी पस्तीस वर्षं मागे चालतेय. हा माणूस माझ्याबरोबर आहे हे दुकानदारांना कळू नये, म्हणून."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. दुधाचा हिशेब सांगावा तसं म्हणाली. काटेसाहेब तिच्या शेजारी बसले. त्यांना आता मळेवालीपेक्षा दुसरीच एक बाई दिसत होती, आणि ती बावीस वर्षांपूर्वीची होती.

लसूण विकणारी म्हातारी होती ती. आठवडी बाजारात रांगेच्या टोकाला गोणपाटावर बसायची. दांडीचा तराजू, लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली. त्यावरच्या शिक्क्याची मुदत संपली होती आणि दांडी एका बाजूला कलते असं काटेसाहेबांना वाटलं. म्हातारी हात जोडून म्हणत होती, "साहेब, दांडी खरी आहे. माझ्या सासऱ्यापासूनची आहे." भोवती गर्दी जमली होती. काटेसाहेबांनी तराजू जप्त केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला खोट्या काट्याची म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचेरीत तराजू तपासला तर दांडी केसाइतकीही कलत नव्हती. मुदत संपलेली होती, म्हणजे कायद्यानं जप्ती बरोबरच होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तराजू आठ दिवसांनी शिपायाच्या हाती परत पाठवला. स्वतः गेले नाहीत. उलट वरच्या साहेबांना सांगून तो बाजार दुसऱ्या निरीक्षकाकडे दिला. दिव्याखालचा हा अंधार त्यांनी बावीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता, बायकोलाही नाही.

दुपारी दोनच्या सुमारास ते उठले आणि फिटरला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला तिच्याशी बोलायचंय."

बाजार उठत आला होता. छपरं उतरत होती, फरशीवर कोबीची पानं तुडवली जात होती. मळेवालीपुढे एक म्हातारा उभा होता, सकाळी टोमॅटो परत ठेवणारा तोच. घेतलेली गाजरं तो पुन्हा जोखायला सांगत होता. तिनं पिशवी काट्यावर ठेवली आणि आकडा थांबेपर्यंत हात बाजूला घेऊन वाट पाहिली. म्हाताऱ्यानं चष्मा सरसावून वाचलं, मान डोलावली आणि तो गेला. काटेसाहेबांनी हे सगळं चार हातांवरून पाहिलं. आपण सकाळी काय केलं ते त्यांना आता खरं कळलं.

"तिला सांग," ते फिटरला म्हणाले, "माझा काटा खोटा होता. चूक माझी होती. मी ती सगळ्यांसमोर केली, म्हणून मला सगळ्यांसमोरच कबूल करायचीय."

फिटरनं सांगितलं. मळेवालीनं रिकामं खोकं दुसऱ्या खोक्यात बसवलं, कंबरेवर हात ठेवून ती सरळ झाली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सगळे म्हणजे कोण? सकाळचे लोक घरी गेले. ते आता कुठून आणायचे?"

पुढच्या शनिवारी येतो म्हणावं, तर गुरुवारचं विमान. ते तसेच हात खाली सोडून उभे राहिले. तिचं आवरणं चालूच होतं. थोड्या वेळानं, पाठमोरी असतानाच, ती पुन्हा बोलली.

"संध्याकाळी येईन म्हणते," फिटर म्हणाला. "पण तुझ्यासाठी नाही. हिच्यासाठी. जेवण एवढं रांधलंय तर ते फुकट का घालवा, म्हणते."

परतताना फिटरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. शाळेत असताना छडी खाऊन आलेल्याला कुणी हात लावला की तो रडायचा, हे दोघांनाही माहीत होतं.

सहा वाजता माणसं जमली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. घडीचा पलंग भिंतीला लावून दोन टेबलं जोडली होती आणि त्यावर वहिनींनी धुतलेली चादर अंथरली होती. मासेवाला आणि त्याची बायको, मोठ्ठा पाव काखेत घेऊन पाववाला, आणि सगळ्यांत शेवटी मळेवाली. ती आंघोळ करून, केस नीट बांधून आली होती. लोकरी टोपी नसल्यामुळे काटेसाहेबांनी तिला आधी ओळखलंच नाही. ती वहिनींच्या गळ्यात पडली, काटेसाहेबांच्या बायकोशी हात मिळवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

भात, डाळ, बटाट्याची रस्सेदार भाजी, तळलेले मासे, काकडी, पाव. पाववाल्यानं एक गोष्ट सांगून पाहिली; मासेवाल्याची बायको उगीच हसली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मासेवाल्याचं दुकान तर मळेवालीच्या शेजारीच. काटेसाहेबांच्या ताटात बटाट्याची भाजी वाढलेली होती आणि त्यांचा हात काही केल्या तिच्याकडे जाईना. शेवटी ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. फिटरच्या बायकोनं वाढता वाढता पळी तशीच धरली.

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि फिटर वाक्यावाक्याला थांबवून तिकडच्या भाषेत सांगत गेला. काटा कसा पडला, रांगेत उभं राहायची लाज कशी वाटली, तीन वाणी, सकाळचं सगळं. इथपर्यंत ते सांगणार हे सगळ्यांनी ओळखलंच होतं. पण मग ते लसणाच्या म्हातारीकडे वळले. फिटर मध्येच अडखळला आणि त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कारण हे त्यालाही नवं होतं. काटेसाहेबांची बायको ताटाकडे बघत राहिली.

"ती खरं बोलत होती," काटेसाहेब म्हणाले. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी मी गेलो नाही."

ते बसले. मग मळेवालीनं हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघून विचारलं. फिटरनं सांगितलं, "त्या बाईचं पुढे काय झालं, विचारतेय."

"माहीत नाही."

"चौकशी केली नाहीत का, म्हणते."

"नाही."

मळेवालीनं मान हलवली, रागानं नव्हे, हिशेब न जुळल्यासारखी. मग ती जे बोलली ते सांगायला फिटरला जरा वेळ लागला.

"म्हणते, मग हे मला कशाला सांगताय? मी तर इथे तुमच्यासमोर बसून जेवतेय."

मासेवाल्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, आपलं दुकान शेजारी आहे, पुढच्या शनिवारी आपणच ओरडून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगू की हिचा काटा खरा आहे. मळेवालीनं त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "तू ओरडलास तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही संशय येईल." पाववाला खो-खो हसला, मासेवाल्याची बायको यावेळी खरीखुरी हसली, आणि वहिनींच्या हातातली पळी पुन्हा चालू लागली. कुणीतरी डाळ मागितली. बोलणं मळ्यावर गेलं, पावसावर गेलं, कारखान्यातल्या जुन्या भट्टीवर गेलं. काटेसाहेबांना कुणी माफ केलं नाही आणि कुणी पंगतीतून उठवलंही नाही. त्यांनी भाजीचा घास घेतला. चव लागली नाही, पण ताट त्यांनी स्वच्छ केलं. जाताना मळेवालीनं सगळ्यांशी हात मिळवले. त्यांच्याशीही मिळवला, पण अगदी ओझरता.

त्या रात्री खोलीत आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "लसणाच्या बाईचं मला सांगायला बावीस वर्षं लागली. तेही दुसऱ्यांच्या घरी, परक्या माणसांदेखत."

"तुझ्याकडे बघून सांगता आलं नसतं," ते म्हणाले. दोघंही छताकडे बघत पडून राहिले.

परत आल्यावर आठवडाभरात काटेसाहेब एस.टी. धरून त्या आठवडी बाजारात गेले. बाजार पुष्कळ वाढला होता. आता कुणी त्यांना ओळखत नव्हतं. ते उतरल्यावर कुठेही शांतता पसरली नाही. रांगेच्या टोकाला मिरच्या विकणारी एक जुनी बाई बसली होती. तिला त्यांनी विचारलं.

"लसणाची आजी? ती वारली, चार वर्षं झाली," बाई म्हणाली. "तिची सून बसते पलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली. खोट्या काट्याची सून कुठे बसते म्हणून विचारा, कुणीही दाखवेल."

"काय म्हणून विचारू?"

"खोट्या काट्याची सून. म्हातारीला तसं नाव पडलं होतं ना. कुठल्याशा साहेबानं तराजू नेला होता तिचा."

काटेसाहेब निळ्या ताडपत्रीपाशी गेले. सुनेपुढे गिऱ्हाइकं होती, म्हणून ते मागे रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा त्यांनी आपण कोण ते सांगितलं, आणि तराजू खरा होता, हेही सांगितलं. मागचा माणूस म्हणाला, "काका, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर सरका." ते सरकले नाहीत. सुनेचे हात लसणाच्या गड्ड्या मोडत होते ते थांबले. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सासूबाई मरेपर्यंत हेच सांगत होत्या," ती म्हणाली. "आम्हालासुद्धा पूर्ण खरं वाटायचं नाही." तिनं पदरानं हात पुसले. "मला सांगून काय होणार, साहेब? ते नाव पाडलं त्या समोरच्या चहावाल्यानं. तोच रोज शंभर जणांना सांगतो. त्याला जाऊन सांगा. आणि दुकानात गर्दी असेल तेव्हा सांगा."

चहाच्या दुकानात गर्दी होती. बाकांवर दाटीवाटीनं माणसं बसली होती, दारात उभी होती, कपबश्या खणखणत होत्या. काटेसाहेब बाहेर घुटमळले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि "जरा ऐका," असं म्हणत ते आत शिरले. पहिल्यांदा कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांना पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.